कृपागुणांचे वाक्य : ‘फंक्शनल स्पेसिफिकेशन’ या लेखनप्रकाराचा एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

मराठी समीक्षेने ललित वाङ्मयाचा परीघ केव्हाच ओलांडला आहे. बखरी, सनदा, पत्रव्यवहार, शिलालेख, वृत्तपत्रीय लेखन यांची चिकित्सा आपल्याकडे झाली. जाहिरातीच्या भाषेचाही अभ्यास झाला. तथापि गेल्या काही दशकांत ज्या लेखनप्रकाराने सामान्य माणसाच्या व्यवहाराला सर्वाधिक आकार दिला, त्याकडे वाङ्मयाच्या अभ्यासकाने जवळजवळ पाहिलेलेच नाही. बँकेतील खाते, विजेचे बिल, रेल्वेचे आरक्षण, विद्यार्थ्याचे गुणपत्रक यांपैकी काहीही आज संगणकीय आज्ञावलीवाचून हलत नाही. ती आज्ञावली लिहिली जाण्यापूर्वी कोणीतरी साध्या वाक्यांत असे लिहून ठेवलेले असते, निदान असायला हवे, की ही प्रणाली काय करील, काय करणार नाही, चूक आढळली तर काय सांगेल आणि संशय आला तर कोणाला विचारील. या दस्तऐवजाला ‘फंक्शनल स्पेसिफिकेशन’ असे नाव आहे. व्यवसायातील मंडळी त्याला ‘एफएस’ किंवा नुसते ‘स्पेक’ म्हणतात. मराठीत ‘कार्यात्मक विनिर्देश’ असा पर्याय करता येतो. पुढील विवेचनात ‘विनिर्देश’ एवढाच शब्द वापरला आहे.

विनिर्देश म्हणजे आज्ञावली नव्हे. आज्ञावली ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर देते, विनिर्देश ‘काय’ या प्रश्नाचे. फ्रेडरिक ब्रूक्स या संगणकशास्त्रज्ञाने १९८६ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की, प्रणाली बांधण्यातील सर्वांत कठीण भाग म्हणजे नेमके काय बांधायचे हे ठरवणे. या विधानाकडे आपण अभियंत्यांचे विधान म्हणून पाहतो आणि पुढे जातो. प्रस्तुत लेखाचा आग्रह असा, की हे मूलतः अर्थनिर्णयाविषयीचे विधान आहे. नियमाचा मजकूर घेऊन त्यातील प्रत्येक शब्दाला ‘म्हणजे काय?’ असे विचारणे आणि उत्तर असे लिहिणे की तिसऱ्या माणसाने ते वाचल्यावर दुसरा अर्थ निघू नये, हे काम टीकाकाराचे आहे. महाविद्यालये हे काम आज्ञावली विकणाऱ्यावर सोपवतात, तेव्हा नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकारही त्याच्याकडे जातो. आणि तो गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

हा मुद्दा हवेत राहू नये म्हणून येथे एक अगदी जवळचा मजकूर तपासायला घेतला आहे. मुंबई विद्यापीठाचे कृपागुणांविषयीचे अध्यादेश, ज्यांना आपण सारे ‘ग्रेसचे ऑर्डिनन्स’ म्हणतो, हा तो मजकूर होय. महाविद्यालयीन निकालाच्या आज्ञावलीचा विनिर्देश लिहिताना त्यांचे काय होते, हे पाहायचे आहे.

उपनगरातील एक परंपरा

मुंबईच्या उपनगरांना हा लेखनप्रकार परका नाही. अंधेरी पूर्वेला १९७३ साली ‘सीप्झ’ ही निर्यात वसाहत उभी राहिली. (नावात सांताक्रूझ आहे, वसाहत अंधेरीत आहे, विनिर्देशाच्या पहिल्याच पानावर अशी विसंगती नोंदवावी लागते.) इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी निघालेल्या या वसाहतीत पुढे आज्ञावली लिहिणाऱ्या कंपन्या आल्या आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील मध्यमवर्गीय घरांतील एक पिढी तेथे नोकरीला लागली. लंडन शहराच्या मध्यभागात वाहन नेल्यास आकार द्यावा लागेल, अशी योजना १७ फेब्रुवारी २००३ रोजी तेथे सुरू झाली. तिच्या संगणक प्रणालीचे काम कॅपिटा या ब्रिटिश कंपनीसाठी ‘मास्टेक’ या मुंबईच्या कंपनीने केले होते.

या उदाहरणाचा उल्लेख अभिमानापोटी केलेला नाही. लंडनचा रस्ता डोळ्यांसमोर नसताना तेथील वाहनधारकाचा व्यवहार मुंबईत बसून बांधता येतो, तो कशाच्या बळावर? लिहिलेल्या शब्दाच्या बळावर. त्या योजनेत आकार पाच पौंड होता. परवानाधारक टॅक्सी आणि मोटारसायकली यांना तो माफ होता. क्षेत्रातील रहिवाशांना नव्वद टक्के सवलत होती. रात्री दहापर्यंत पाच पौंड, त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत आणखी पाच. म्हणजे मूळ नियम एका ओळीचा आणि बाकी सगळे अपवाद. व्यवसायातील माणसे सांगतात की विनिर्देशाची बहुतेक पाने अपवादांनीच भरतात. नियम सर्वांना ठाऊक असतो. अपवाद ज्याला ठाऊक असतात तो बहुधा लिहिणारा नसतो.

आता गंमत अशी, की ज्या उपनगरांत दूरदेशीच्या नगरपालिकेचे अपवाद इतक्या काटेकोरपणे वाचले गेले, त्याच उपनगरांतील महाविद्यालये आपल्या परीक्षा विभागासाठी आज्ञावली घेताना काय करतात? विक्रेत्याला बोलावतात, गेल्या वर्षीच्या गुणपत्रकाचा नमुना हाती देतात आणि ‘असे छापून यायला हवे’ असे सांगतात. छापील नमुना म्हणजे विनिर्देश, अशी आपली समजूत आहे.

अध्यादेशाचे वाचन

पदवीच्या पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीने महाविद्यालयेच घेत आली आहेत. २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्रपद्धती आल्यावर निकालांची संख्या दुप्पट झाली आणि हाताने लेजर लिहिण्याचे काम आवाक्याबाहेर गेले. आज्ञावली त्या गरजेतून आली, आणि तिच्याबरोबर अध्यादेशांच्या अर्थाचा प्रश्नही आला.

ओ. ५०४२-ए हा अध्यादेश उत्तीर्ण होण्यासाठी द्यावयाच्या कृपागुणांचा आहे. त्याचा आशय असा : उत्तीर्णतेचे शीर्ष ५० गुणांपर्यंतचे असल्यास २ गुण, ५१ ते १०० गुणांचे असल्यास ३ गुण, आणि याप्रमाणे वाढत्या क्रमाने. परंतु अशा गुणांची एकंदर बेरीज त्या परीक्षेच्या एकूण गुणांच्या १ टक्क्यापेक्षा अधिक असू नये. तसेच हा लाभ विद्यार्थी संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण होत असेल तरच द्यावा. ओ. ५०४५-ए मध्ये ‘कंडोनेशन’ आहे. विद्यार्थी केवळ एकाच शीर्षात अनुत्तीर्ण असेल, तर परीक्षेच्या एकूण गुणांचा १ टक्का किंवा त्या शीर्षाच्या गुणांचे १० टक्के, यांपैकी जे कमी असेल तितकी उणीव, कमाल १० गुणांपर्यंत, क्षमापित करता येते. ओ. ५०४३-ए वरचा वर्ग मिळण्यासाठी आणि ओ. ५०४४-ए विषयातील विशेष प्रावीण्यासाठी आहे. शिवाय राष्ट्रीय सेवा योजना, क्रीडा आदींमध्ये भाग घेणाऱ्यांसाठी ओ. २२९-ए अन्वये १० गुण आहेत.

चार ओळींत मावणारा हा मजकूर वाचून कोणाही प्राध्यापकाला ‘कळले’ असेच वाटते. वीस वर्षे निकाल लावणाऱ्यांनाही वाटते. विनिर्देश लिहायला बसल्यावर मात्र पहिल्याच शब्दाला अडखळायला होते.

‘एकूण गुण’ म्हणजे कोणते? परीक्षेचे कमाल गुण की विद्यार्थ्याला मिळालेले? इंग्रजी ‘ॲग्रिगेट’ या शब्दातही हा संदेह आहे. पण ‘त्या परीक्षेचे’ या विशेषणामुळे तेथे कमाल गुणांकडे कौल जातो. मराठी बोलण्यात हे विशेषण गळते. ‘एकूण गुणांच्या एक टक्का’ असे आपण परीक्षा समितीच्या बैठकीत म्हणतो आणि ‘एकूण किती मिळाले?’ असेही त्याच बैठकीत विचारतो. सात विषयांची, ७०० गुणांची परीक्षा असेल तर पहिल्या अर्थाने मर्यादा ७ गुणांची होते. दुसऱ्या अर्थाने, ३५० गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची मर्यादा साडेतीनवर येते, आणि ज्याला कृपेची सर्वाधिक गरज त्याला ती सर्वांत कमी मिळते. शब्द एकच, विद्यार्थी तोच. एका अर्थाने उत्तीर्ण, दुसऱ्या अर्थाने अनुत्तीर्ण.

यापेक्षा खोल अडचण ‘संपूर्ण परीक्षा उत्तीर्ण होत असेल तरच’ या अटीत आहे. उत्तीर्ण होण्यासाठी कृपागुण हवेत आणि कृपागुण मिळण्यासाठी उत्तीर्ण व्हायला हवे! तर्कशास्त्राच्या अंगाने पाहिले तर हे चक्र आहे. माणूस ते सहज सोडवतो, कारण तो वाक्याच्या हेतूकडे पाहतो : ‘कृपागुण दिल्यावर जर सारे सुटत असेल तर द्या, नाहीतर कशालाच देऊ नका.’ यंत्र हेतूकडे पाहत नाही. त्याला आधी काय करायचे आणि मग काय, हा क्रम सांगावा लागतो. आणि अध्यादेशात क्रम नाही.

एक उदाहरण घेऊ. लेखी परीक्षा ७५ गुणांची, उत्तीर्णतेसाठी ३० आवश्यक. एका विद्यार्थ्याला तीन विषयांत अनुक्रमे २७, २८ आणि २७ गुण आहेत. उणीव ३, २ आणि ३, बेरीज ८. प्रत्येक उणीव स्वतंत्रपणे मर्यादेत आहे, पण बेरीज ७ च्या पुढे गेली. अटीप्रमाणे त्याला एकही कृपागुण मिळायला नको. तो तिन्ही विषयांत अनुत्तीर्ण. आता आज्ञावली लिहिणाऱ्याने विषय एकामागून एक घेतले, प्रत्येकाची उणीव भागवत गेला आणि शिल्लक संपल्यावर थांबला, तर पहिले दोन विषय सुटतील आणि तिसराच राहील. विद्यार्थ्याच्या दृष्टीने एक विषय मागे राहणे आणि तीन विषय मागे राहणे यांत पुढच्या वर्षाचा फरक आहे. शिवाय कोणता विषय सुटावा हे यादीतील क्रमाने ठरले; अर्थशास्त्र वाणिज्याच्या वर छापले गेले म्हणून अर्थशास्त्रात कृपा झाली.

याच विद्यार्थ्याशेजारी दुसरा ठेवून पाहा. तो सहा विषयांत उत्तीर्ण, सातव्यात ७५ पैकी २३. उणीव ७. त्या शीर्षाचे १० टक्के साडेसात, परीक्षेचा १ टक्का सात. कमी ते सात. तो कंडोनेशनने सुटतो. तीन ठिकाणी थोडा थोडा कमी पडलेला नापास आणि एका ठिकाणी पुष्कळ कमी पडलेला पास, ही या अध्यादेशांची नैतिक भूमिका आहे. ती योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतो (प्रस्तुत लेखकाला ती पटत नाही); परंतु ती भूमिका आहे हे विनिर्देश लिहीपर्यंत आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

आता सेवा योजनेचे १० गुण यात मिळवा. एखाद्याची चार विषयांतील उणीव ४, ४, ४ आणि ३ अशी १५ गुणांची आहे. आधी ५०४२ लावून पाहिला तर १५ हा आकडा ७ मध्ये बसत नाही, म्हणून काही नाही, नंतरचे १० गुणही पुरत नाहीत, विद्यार्थी अनुत्तीर्ण. आधी २२९ लावून १० गुण नीट वाटले तर ५ गुणांची उणीव उरते, आणि ती ५०४२ मध्ये बसू शकते. दोन्ही सवलती एकत्र मिळतात काय, आणि मिळत असल्यास आधी कोणती? या प्रश्नाला विनिर्देशात एका वाक्याचे उत्तर लागते. ते वाक्य कोणी लिहायचे? आपण लिहिले नाही तर ते लिहिले जात नाही असे नाही. ते आज्ञावलीत लिहिले जाते, एका तरुणाकडून, रात्री उशिरा, आणि ज्या भाषेत लिहिले जाते ती परीक्षा समितीपैकी कोणाला वाचता येत नाही.

पेन्सिलीचे शास्त्र

हा प्रसंग काल्पनिक नाही. एका उपनगरी महाविद्यालयाच्या परीक्षा समितीवर काम करताना प्रस्तुत लेखकाने तो पाहिला आहे. एका सत्राचा निकाल लागल्यावर पाच-सहा विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांत वर सांगितल्याप्रमाणे अर्धवट कृपागुण दिलेले आढळले. निकाल मागे घेऊन दुरुस्त करावा लागला. आज्ञावली लिहिणारा तरुण बोरिवलीहून येत असे. अत्यंत कामसू आणि सरळ मुलगा. त्याने विचारले, “सर, ‘पूर्ण परीक्षा पास होत असेल तरच’ म्हणजे ग्रेस द्यायच्या आधी, का दिल्यानंतर? मला कोणी सांगितलंच नाही.” त्याचे म्हणणे खरे होते. त्याला कोणी सांगितले नव्हते, कारण हे सांगण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नव्हते.

उत्तर मिळाले ते परीक्षा विभागातील ज्येष्ठ लिपिक बाईंकडून. त्यांनी संगणक येण्यापूर्वीची लेजरे हाताने लिहिलेली होती. त्या म्हणाल्या, “मी आधी कच्ची बेरीज करते, सर. सातात बसत असेल तरच पेन्सिल लावते. एका विषयाला दिले आणि दुसऱ्याला नाही, असं आपल्याकडे कधी केलेलंच नाही.” ‘सातात’ म्हणताना ‘एकूण गुण’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ठरवून टाकलेला होता. ‘आधी कच्ची बेरीज’ म्हणताना चक्र सोडवलेले होते. आधी मोजणे, मग निर्णय, मग नोंद, हा क्रम त्यांच्या पेन्सिलीत होता. अध्यादेशाचा विनिर्देश अस्तित्वात होता. फक्त तो लिहिलेला नव्हता.

विनिर्देश लिहिणाऱ्याची मुख्य कसोटी येथे लागते. नियमाच्या पुस्तकात जे आहे ते सर्वांना मिळते. वापरात जे आहे ते विचारावे लागते, तेही योग्य माणसाला, आणि त्याच्या कामाच्या जागी बसून. ‘तुम्ही ग्रेस कसा देता?’ असे विचारल्यावर बाईंनी प्रथम अध्यादेशच सांगितला होता. प्रत्यक्ष लेजर समोर ठेवून ‘या मुलाचे कसे केलेत?’ असे विचारल्यावर पेन्सिलीची गोष्ट निघाली.

‘करण्यात येईल’ची समस्या

पुढे समितीने ठरवले की निकालाच्या आज्ञावलीचा विनिर्देश आपणच लिहायचा, आणि मराठीत लिहायचा. मराठीत अशासाठी की परीक्षा विभागाने तो वाचून ‘हे चूक आहे’ असे म्हणू शकले पाहिजे. मराठीच्या अध्यापकाकडे तो आला हे ओघानेच झाले. पहिला खर्डा तयार झाला तेव्हा त्यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘करण्यात येईल’ने संपत होते. ‘गुणांची पडताळणी करण्यात येईल.’ ‘आवश्यक तेथे दुरुस्ती करण्यात येईल.’ ‘विभागाला कळवण्यात येईल.’ शासकीय परिपत्रकांवर वाढलेल्या आपल्या कानांना ही भाषा प्रमाण वाटते. त्या तरुणाने खर्डा वाचून विचारले, “हे कोण करणार? मशीन का माणूस?”

मराठी कार्यालयीन गद्याचे हे मर्मस्थान आहे. ‘-ण्यात येणे’ या रचनेत क्रिया राहते आणि कर्ता नाहीसा होतो. परिपत्रकाला ते सोयीचे असते, कारण जबाबदारी कोणावर पडत नाही. विनिर्देशात मात्र कर्ता हाच वाक्याचा प्राण आहे. पडताळणी प्रणालीने करायची असेल तर तिला निकष लागतात. माणसाने करायची असेल तर त्याला पडदा, वेळ आणि नकार देण्याची सोय लागते. आम्ही दुसऱ्या खर्ड्यात एकच नियम पाळला : प्रत्येक वाक्याला कर्ता असला पाहिजे, आणि तो ‘प्रणाली’, ‘लिपिक’, ‘परीक्षक’ किंवा ‘समितीचे अध्यक्ष’ यांपैकीच असला पाहिजे. खर्ड्याची लांबी जवळजवळ दुप्पट झाली. काही वाक्यांना कर्ता सापडेना. ती कामे आजवर कोणीच करत नव्हते असे त्यातून उघड झाले.

दुसरी समस्या विध्यर्थाची. ५०४२ मधील क्रियापद आज्ञार्थी आहे, लाभ ‘द्यावा’ असे. ५०४५ मधील क्रियापद शक्यतेचे आहे, उणीव क्षमापित ‘करता येईल’ असे. हा भेद हेतुपुरस्सर असेल तर कंडोनेशन हा कोणाच्या तरी विवेकाधीन अधिकार ठरतो. आज्ञावलीला ‘करता येईल’ समजत नाही. तिच्या दृष्टीने अट पुरी झाली की कृती होते. म्हणजे यंत्राकडे जाताना विवेकाधिकाराचे आपोआप हक्कात रूपांतर झाले. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता ते इष्टही असेल. पण असा बदल परीक्षा समितीच्या ठरावाने व्हावा, क्रियापदाच्या अज्ञानाने नव्हे.

विनिर्देशाविषयी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयईईई ८३०’ या मानकात उत्तम विनिर्देश संदिग्धतारहित, परिपूर्ण, सुसंगत आणि पडताळता येण्याजोगा असावा अशा अपेक्षा होत्या. २०११ मध्ये त्याची जागा नव्या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या अपेक्षा रास्त आहेत. परंतु त्यात एक गोष्ट दुय्यम राहते, ती म्हणजे कारण. नियम असा ‘का’ आहे हे बहुतेक विनिर्देश सांगत नाहीत. या बाबतीत मराठीतील एक जुना दस्तऐवज आजच्या कित्येक विनिर्देशांच्या पुढे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमारासाठी लाकूड तोडण्याचे प्रकरण अनेकांच्या परिचयाचे आहे. सागवानादी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत. आंबा, फणस ही झाडेही उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण होऊन उपयोगाचे उरले नसेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच तोडावे, बळजबरी करू नये. मूळ नियम, निषेध, अपवाद, अपवादाची अट, सारे येथे आहे. आणि निषेधापाशी कारणही आहे : ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही. हे कारण अलंकार म्हणून आलेले नाही. आज्ञापत्रात न लिहिलेला प्रसंग उद्भवला, समजा चिंचेच्या झाडाचा, तर अंमलदाराने काय करावे हे त्या कारणावरून ठरवता येते. ५०४२ मध्ये ‘तरच’ या अटीमागचे कारण एका वाक्यात असते, तर बोरिवलीच्या त्या तरुणाला प्रश्न पडला नसता.

‘पेपर’ आणि पुरवणी

प्रत्येक विनिर्देशाच्या आरंभी संज्ञांची यादी असते. मराठी राज्यकारभाराला ही कल्पना नवी नाही. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांच्या काळी झालेला राजव्यवहारकोश हा कारभारातील संज्ञा निश्चित करण्याचाच उद्योग होता. आमच्या यादीत सर्वाधिक वेळ खाल्ला तो ‘पेपर’ या शब्दाने. आपण पेपर काढतो तेव्हा ती प्रश्नपत्रिका असते, पेपर तपासतो तेव्हा उत्तरपत्रिका असते आणि विद्यार्थ्याचा पेपर राहतो तेव्हा तो विषय असतो. बोलण्यात कोणाचाही गोंधळ होत नाही. संगणकात या तीन निराळ्या वस्तू आहेत आणि त्यांचे परस्परसंबंध निराळे आहेत. उत्तरपत्रिका हीसुद्धा एक वस्तू नाही. मूळ उत्तरपत्रिका, तिला दोऱ्याने बांधलेली पुरवणी, दुसरी पुरवणी, कधी आलेखाचा कागद; आपण दोरा पाहतो आणि या सगळ्याला एक वस्तू म्हणतो.

या दोऱ्याची किंमत २०१७ साली मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील सर्वांनी मोजली. त्या वर्षीच्या उन्हाळी परीक्षांच्या सर्व उत्तरपत्रिका पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला. सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका, चारशेहून अधिक परीक्षा, आणि स्कॅनिंग व तपासणीची प्रणाली बाहेरच्या कंपनीची. विद्यापीठ कायद्यानुसार निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागणे अपेक्षित असते. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली. जुलैच्या अखेरीस काही दिवस अध्यापन थांबवून प्राध्यापकांना तपासणीला बसवले गेले. तरीही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. उत्तरपत्रिका सापडत नसल्याच्या आणि छायाप्रती मागितल्यावर दुसऱ्याचीच उत्तरपत्रिका हाती आल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांत आल्या. २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. (येथे ‘-ण्यात आले’ चालते, कर्ता सर्वांना ठाऊक आहे.)

या प्रकरणाची चर्चा घाई, निविदा आणि जबाबदारी या अंगांनी पुष्कळ झाली. ती आवश्यकच होती. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्यानंतरची एक घटना. ऑक्टोबर २०१७ मध्येच विद्यापीठाने पुरवण्या देणे बंद करण्याचे परिपत्रक काढले. विद्यार्थ्याने मुख्य उत्तरपत्रिकेच्या पानांतच लिहावे, अशी अपेक्षा होती. त्याविरुद्ध एक विद्यार्थिनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तो निर्णय टिकला नाही. परिपत्रकाच्या बाजूने एवढे म्हणता येईल की पडद्यावरील तपासणीत मूळ उत्तरपत्रिका आणि पुरवणी यांची सांगड राखणे खरोखरच कठीण असते. परंतु क्रम पाहा. प्रणालीच्या विनिर्देशात ‘पुरवणी’ हा अपवाद कसा हाताळायचा हे आधी ठरायला हवे होते. तसे न होता, प्रणाली आल्यानंतर तिला अडचण होणारी गोष्ट विद्यार्थ्याच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न झाला. लिहिणाऱ्याच्या हाताला किती पाने लागतात हे यंत्राच्या सोयीने ठरू लागले, आणि ते दुरुस्त करायला न्यायालयात जावे लागले.

तपासणी केंद्रावर त्या उन्हाळ्यात बसलेल्या कोणाही अध्यापकाला पुरवणीविषयी विचारले असते तर त्याने चार प्रश्न तेथल्या तेथे उभे केले असते. पुरवणीवर आसनक्रमांक चुकला तर? दोन पुरवण्यांचा क्रम उलटा बांधला गेला तर? पहिल्या प्रश्नाचे उरलेले उत्तर पुरवणीच्या शेवटच्या पानावर असेल तर? मुखपृष्ठावर दोन पुरवण्या लिहिल्या आहेत आणि बांधलेली एकच आहे, तर प्रणाली परीक्षकाला थांबवील की पुढे जाऊ देईल? हे प्रश्न विचारायला संगणकशास्त्र लागत नाही. पंधरा-वीस वर्षे गठ्ठे तपासलेले असणे पुरते. विनिर्देश लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी असा माणूस बसलेला असावा, एवढेच लागते. आणि आपणही, हे मान्य करायला हवे, त्या टेबलापाशी बसण्याची मागणी क्वचितच करतो. ‘टेक्निकल आहे, ते त्यांचे ते पाहतील,’ असे म्हणून स्टाफरूममध्ये परततो.

आमच्या महाविद्यालयाचा विनिर्देश अखेर अकरा पानांचा झाला. ज्येष्ठ लिपिक बाईंनी तो लाल पेनने तपासून दिला. त्यांच्या दुरुस्त्यांपैकी बहुतेक अपवादांच्या होत्या. एका जागी मात्र त्यांचीही पेन्सिल थांबली. ज्या परीक्षेचे एकूण गुण ६५० आहेत तिचा एक टक्का साडेसहा होतो, आणि विद्यार्थ्याची उणीव नेमकी सात असेल तर? चारही अध्यादेशांच्या शब्दांवरून उत्तर निघेना. आम्ही विद्यापीठाला पत्र लिहिले आणि विनिर्देशात त्या ठिकाणी असे वाक्य घातले : ‘अशा वेळी प्रणालीने निकाल रोखून ठेवावा, विद्यार्थ्याचे नाव परीक्षा समितीच्या अध्यक्षांना दाखवावे, आणि अध्यक्षांनी सहीनिशी निर्णय नोंदवल्याखेरीज पुढे जाऊ नये.’ तरुणाने ते वाचले, मान डोलावली आणि विचारले, “सर, अध्यक्ष रजेवर असतील तर?” बारावे पान त्या प्रश्नासाठी जोडले.